मुरलीभाऊंची पाचवी तार

मुरलीभाऊंचा अंगठा गेला, असं त्यांच्या बायकोनं, मालतीवहिनींनी, फोनवर सांगितलं तेव्हा मी तुमसरला एका लग्नाच्या मांडवात स्पीकरच्या वायरी जोडत होतो. अंगठा गेला म्हणजे काय, हे मला चटकन कळलंच नाही. बोट कापतं, चेंगरतं, सुजतं. जातं कुठे? मी विचारलं, "कोणता?" वहिनी म्हणाल्या, "उजवा." उजवा अंगठा जाणं म्हणजे काय, हे आम्हां दोघांनाही पक्कं ठाऊक होतं.

मुरलीभाऊ दिवसा राइस मिलमध्ये मिस्त्री आणि लग्नसराईत आमच्या ऑर्केस्ट्रात बेस गिटारवाले. मूळ घर आंधळगावचं. वडील कोशाचं रेशमी कापड विणायचे. पण हातमागावर दोन भावांचं पोट भरेना, म्हणून हे धाकटे तुमसरला मिलमध्ये लागले आणि तिथलेच झाले. शर्टाच्या खिशात कायम दहा-अकराचा पाना. स्टेजवर उभे राहायचे तेही ड्रमच्या मागे, अर्धे अंधारात. लोकांकडे कधी पाहिलं नाही. मी साऊंडवाला, त्यामुळे माझी जागा मांडवाच्या दुसऱ्या टोकाला. आमचं बोलणं खुणांनीच चालायचं. त्यांनी हनुवटी वर केली की मी बेस वाढवायचा, डोळे मिटले की हात लावायचा नाही.

तो अंगठा मात्र कधी गप्प नसे. एसटीत बसले की समोरच्या सीटच्या दांडीवर, हॉटेलात ताटाच्या काठावर, बँकेच्या रांगेत खिडकीच्या लाकडावर. शेजारचा माणूस आधी पाहायचा, मग थोडा सरकून बसायचा. वहिनी म्हणायच्या, "याइचा अंगठा झोपेतही चालते. मले सवय झाली, थांबला की जाग येते."

बेस गिटार काय चीज आहे, हे आमच्याकडे फारसं कोणाला माहीत नव्हतं. मोहाडीला एका लग्नात मुलीच्या वडिलांनी आमच्या ऑर्केस्ट्राच्या मालकाला बाजूला घेऊन सांगितलं, की तो मागे उभा असलेला माणूस नुसताच गिटार घेऊन उभा आहे, त्याचा आवाज काही येत नाही, त्याला जेवायला बसवा आणि त्याच्याऐवजी एक ढोलकीवाला आणा. मुरलीभाऊंच्या कानावर ते गेलं. पुढच्या गाण्यात, सगळं वऱ्हाड नाचत असताना, त्यांनी तारांवर तळहात ठेवला आणि नुसते उभे राहिले. गाणं चालूच होतं, ड्रम चालू होता, गायक गात होता. पण नाचणाऱ्यांचे पाय हळूहळू अडखळले. कोणालाच कळेना काय झालं. दोघं-तिघं माझ्याकडे येऊन म्हणाले, लाइट गेली काय? कडवं संपताना मुरलीभाऊंनी हात उचलला, वाजवायला लागले, आणि मांडव पुन्हा हलला. मुलीचे वडील स्टेजच्या कडेला तोंड उघडं टाकून उभे होते. जेवणाच्या वेळी त्यांनी स्वतः मुरलीभाऊंना वाढलं.

त्यांच्याकडे चार तारांची जुनी गिटार होती. त्यांना पाहिजे होती पाच तारांची. कारण साधं होतं. आमची गायिका पांढरी दोनमध्ये, म्हणजे पेटीच्या दुसऱ्या पांढऱ्या पट्टीत गायची, आणि चार तारांच्या बेसचा सगळ्यात खालचा सूर पांढरी तीन. गाणं जिथे येऊन टेकतं, त्या सुरापर्यंत खाली उतरायला पायरीच नाही. पाचवी, सगळ्यात जाड तार असली की ती पायरी मिळते. पण पाच तारांच्या गिटारी बाजारात होत्याच की. मुरलीभाऊंना त्यातली एकही पटत नव्हती, आणि याला कारण तो अंगठा.

अंगठ्याच्या हाडानं तारेवर मारायचं आणि तर्जनीनं तार ओढून सोडायची, याला स्लॅप म्हणतात. बारक्या तारांवर कोणीही मारील. त्या जाड पाचव्या तारेवर मारलं की बहुतेक गिटारी ओल्या दोरीसारख्या भदकन वाजतात. मुरलीभाऊंना तिथेही स्वच्छ आवाज पाहिजे होता. वडिलांच्या मागावर धाग्याचा धोटा इकडून तिकडे जाऊन आपटायचा आणि मागून फणीचा ठोका पडायचा, तसे दोन वेगवेगळे आवाज. ते म्हणत, "आवाज सुटला पायजे. तारेले चिकटून नाही राह्यला पायजे." नऊ वर्षं ते हेच म्हणत होते. आम्ही त्यांच्या पाठीमागे हसायचो. एका तारेसाठी इतकं काय, असं आम्हांला वाटायचं.

एकदा त्यांच्याबरोबर मी नागपूरला एका मोठ्या वाद्यांच्या दुकानात गेलो. दुकानदारानं पाच-सहा गिटारी काढल्या, अ‍ॅम्प्लिफायर लावला. मुरलीभाऊंनी तो आधी बंद करायला लावला. मग प्रत्येक गिटार मांडीवर घेऊन, तिच्या वरच्या शिंगासारख्या टोकावर, आवाज हाडातून ऐकायला, हनुवटी टेकवून, एकच ठोका मारायचा, डोळे मिटायचे आणि खाली ठेवायची. सगळ्यात महागडीलाही त्यांनी दुसरा ठोका दिला नाही. दुकानदार चिडला. म्हणाला, काका, घ्यायची नसेल तर तसं सांगा. मुरलीभाऊंनी खिशातून पाना आणि एक बारकी किल्ली काढली, आणि कोणी काही म्हणायच्या आत त्या महागड्या गिटारीच्या तारा ढिल्या करून, त्या जिथे टेकतात तो ब्रिज खोलायला घेतला. दुकानदार धावत आला. पाच मिनिटांनी गिटार परत जुळवून त्यांनी दुकानदाराच्या हातात दिली आणि वाजवायला सांगितली. त्यानं वाजवली. पुन्हा वाजवली. मग त्यानं आतल्या खोलीतून आपल्या भावाला हाक मारून ऐकवली. तारेचा खरखराट गेला होता. तो म्हणाला, तुम्ही आठवड्यातून एक दिवस इथे बसता का? मुरलीभाऊ म्हणाले, "हे आता बरी वाजून राहिली. पण आवाज नाही ना तिच्यात." आणि आम्ही रिकाम्या हातानं परतलो. भंडाऱ्यापर्यंत त्यांचा अंगठा सीटच्या दांडीवर चालू होता.

ती गिटार शेवटी सापडली चिखल्याला, मँगनीजच्या खाणीच्या कॉलनीत. एका लग्नाचा कार्यक्रम होता, मांडवाला वीज कमी पडत होती, म्हणून मी शेजारच्या घरात कनेक्शन मागायला गेलो. मुरलीभाऊ सोबत होते. घर कौसल्याबाईंचं. पन्नाशीच्या पुढच्या, एकट्याच राहायच्या. नवरा खाणीत होता, तो आधीच वारलेला. खुद्द बाईंनीही वीस-बावीस वर्षं खाणीवर हातोडीनं गोटे फोडले होते, दगड वेगळा आणि मँगनीज वेगळं. मी बोर्ड पाहत होतो. मुरलीभाऊ आलमारीच्या वर पाहत होते. तिथे एक लांब काळी पिशवी आडवी पडली होती.

त्यांनी विचारलं, त्यात काय आहे. बाई म्हणाल्या, पोराचं आहे. मुलगा पुण्याला कंपनीत होता, तिथेच मित्रांमध्ये वाजवायला शिकला. दोन वर्षांपूर्वी मोटरसायकलच्या अपघातात गेला. त्याच्या सामानात ही पिशवी आली, ती त्यांनी कधी उघडलीच नव्हती. आत काय आहे, हेही त्यांना नीट माहीत नव्हतं. एवढं सगळं त्यांनी चहाचं विचारावं तशा आवाजात सांगितलं.

मुरलीभाऊंनी उघडू का म्हणून विचारलं. बाईंनी मान हलवली. आत पाच तारांची गिटार होती, तारा गंजलेल्या, दांडा नेहमीच्यापेक्षा बोटभर लांब, म्हणजे जाड तारही ताठ राहील असा. त्यांनी ती मांडीवर घेतली, सूर जुळवला, हनुवटी टेकवली आणि पाचव्या तारेवर एक ठोका मारला.

त्या छोट्या खोलीत तो आवाज मला कानाच्या आधी छातीत लागला. कोरडा, स्वच्छ, खोल. रॅकवरचं एक ताट हललं. मुरलीभाऊंनी लगेच तारांवर हात ठेवून आवाज बंद केला, गिटार पिशवीत घातली, चेन लावली, पिशवी होती तिथे ठेवली आणि बाहेर निघून गेले.

मी मागे धावलो. नऊ वर्षं जी वस्तू शोधली, ती सापडल्यावर हा माणूस साधं विचारतही नाही, हे मला झेपेना. मी म्हणालो, बाईंशी बोलून तर पाहू. ते म्हणाले, "थे तिच्या पोराचं आहे. मी काय मागू?" त्या दिवशी त्यांनी कार्यक्रमात दोन ठिकाणी चूक केली. मी त्यांची चूक त्याआधी कधी ऐकली नव्हती.

पंधरा दिवसांनी कौसल्याबाई ती पिशवी खांद्याला लावून, बसनं नाकाडोंगरीवरून तुमसरला आल्या आणि विचारत विचारत मिलपर्यंत पोचल्या. मिलमधली माणसं काम थांबवून पाहत राहिली. मुरलीभाऊ अंगभर कोंड्यानं माखलेले बाहेर आले. बाई म्हणाल्या, "तुमी त्या दिवशी एकच खेप मारलं अन ठेवून देलं. तेव्हापासून घर लई सुनं लागून राहिलं मले. हे घ्या. वाजवा." मुरलीभाऊंनी पैशाची गोष्ट काढली, तर बाईंनी ती ऐकलीच नाही. चिखल्याकडे कार्यक्रम असला की बोलवा, एवढंच सांगून त्या परतीच्या बसला गेल्या.

ती एक लग्नसराई आम्ही कोणीच विसरणार नाही. माणूस तोच, उभा तिथेच, ड्रमच्या मागे. पण गायिका मागे वळून वळून पाहायची. दुसऱ्या ऑर्केस्ट्रांचे लोक नुसतं ऐकायला यायचे. वाराशिवनीहून एक जण आला आणि माझ्या स्पीकरमध्ये काय वेगळं लावलंय, म्हणून मलाच विचारत बसला. मी मुरलीभाऊंकडे बोट दाखवलं. त्यांचे डोळे मिटलेले होते.

आणि मग मालतीवहिनींचा तो फोन आला.

मिलमध्ये मशीनचा पट्टा घसरला होता. चालू मशीनवर पट्टा चढवायचा नसतो, हे मुरलीभाऊंनीच मिलमधल्या माणसांना शिकवलं होतं. पट्ट्यावरची संरक्षक जाळीही त्यांनीच काढलेली. दोन मिनिटांचं काम म्हणून हात घातला. इतकंच. कोणावर चिडावं, तेही कळत नव्हतं.

भंडाऱ्याच्या दवाखान्यात मी त्यांना भेटलो तेव्हा हाताला एवढं मोठं बँडेज होतं, की त्यात काय आहे आणि काय नाही ते दिसत नव्हतं. त्यांनीच सुरुवात केली. म्हणाले, "चार तारेचीच बरी होती. चार बोटाले पाच तारा जास्त झाल्या." मग ते बँडेजकडे पाहत म्हणाले, "थो अजून चालून राहिला, माहीत आहे? आता चालून राहिला. दिसून नाही राहिला फक्त." वहिनी खिडकीकडे तोंड करून उभ्या राहिल्या.

जखम भरल्यावर त्यांनी मला टेम्पो काढायला सांगितला. कुठे जायचं विचारलं तर म्हणाले, चिखल्याला. गिटार परत द्यायची. मी म्हणालो, नुसत्या बोटांनी वाजवा, कितीतरी लोक वाजवतात. ते म्हणाले, वाजवीन की, जुन्यावर वाजवीन. हे त्या बाईचं आहे, माझ्याकडे मुकं ठेवायला तिनं दिलेलं नाही.

कौसल्याबाईंनी आधी त्यांचा हात पाहिला. हातात घेऊन, उलटासुलटा करून, नीट पाहिला. खाणीवर असे हात त्यांनी पाहिले असतील. मग पिशवीकडे पाहून म्हणाल्या, "परत आणली काहून? मी काय करू हिचं?" बाईंनी स्वतःच चेन उघडली, गिटार आडवी मांडीवर घेतली, सूप घ्यावं तशी, आणि विचारलं, कुठे मारत होते तुम्ही. त्यांनी डाव्या हातानं जागा दाखवली. अंगठा कसा, मनगट कसं, तेही सांगितलं. मी मनात म्हटलं, हे कशाला चाललंय आता.

बाईंनी मारलं.

मुरलीभाऊ बसल्या जागेवरून उठून उभे राहिले. मीही दारातून आत आलो. तोच आवाज होता. साधारण तसाच नाही, तोच. कोरडा, सुटलेला, मागे खोल घुमणारा. तो काढायला मुरलीभाऊंना कित्येक वर्षं लागली होती, आणि ज्या पोरांना त्यांनी शिकवायचा प्रयत्न केला, त्यांच्यातल्या एकालाही तो जमला नव्हता. सगळे तारेवर अंगठा दाबायचे.

त्यांनी फार हळू आवाजात विचारलं, "बाई, हे कसं केलं तुमी?"

बाईंना प्रश्नच कळला नाही. म्हणाल्या, "हातोडी तशीच मारतेत ना. दाबली तं मनगट जाते. मारली की सोडून द्याची, थे आपली आपण वर येते."

मुरलीभाऊ परत खाली बसले. टेम्पोत परत येताना त्यांनी नाकाडोंगरीला गाडी थांबवायला लावली. तिथे चहा घेतला, कप ठेवला, आणि म्हणाले, "रविवारी बस किती वाजता आहे रे इकडे?"

मग दर रविवारी ते चिखल्याला जायला लागले. तुमसरात लोक काय काय बोलले, ते मी लिहीत नाही. एक मिस्त्री, एक विधवा बाई आणि एक गिटार, एवढं लोकांना पुरतं. दुसऱ्या महिन्यापासून मालतीवहिनीच सोबत जायला लागल्या, डबा घेऊन. आमच्या मालकानं मुरलीभाऊंना सांगून पाहिलं, की बाईमाणसाला या वयात हे काय शिकवता. त्यांनी पुढच्या रविवारीही बस पकडली. डावा हात बाईंना फार जड गेला. सुरांची नावं त्यांना येत नव्हती, म्हणून मुरलीभाऊंनी दांड्यावर खडूनं खुणा केल्या. पहिलं वर्ष नुसता एक ठेका. दुसऱ्या वर्षी एक गाणं, मग दुसरं. बाई म्हणायच्या, बोटं दुखतात, पण रात्री झोप लागते.

मुरलीभाऊ गेले त्याच वर्षीच्या हिवाळ्यात. सकाळी वहिनी उठवायला गेल्या, तर ते उठले नाहीत. आदल्या दिवशी मिलमध्ये पूर्ण पाळी करून आले होते. मी बातमी ऐकून घरी पोचलो, माणसं जमली होती, आणि मला तरीही वाटत होतं, की कोणीतरी चुकीचं सांगतंय.

मी त्यांना शेवटचं नीट पाहिलं ते त्याच्या दीड महिना आधी, चिखल्याला, कॉलनीच्या शारदा उत्सवात. संध्याकाळचा कार्यक्रम. दोन गाण्यांपुरती बेस गिटार कौसल्याबाईंकडे. त्या जांभळं लुगडं नेसून स्टेजवर आल्या, गिटारीचा पट्टा पदराच्या वरून खांद्यात अडकवला, तेव्हा मैदानात कुजबुज झाली, कोणीतरी हसलंही. मग त्यांनी पाचव्या तारेवर पहिला ठोका मारला. माझ्या हाताखालचं टेबल थरथरलं. हसणारं कोण होतं, ते पुन्हा ऐकू आलं नाही. खाणीवर त्यांच्याबरोबर गोटे फोडणाऱ्या बाया एका रांगेत बसल्या होत्या. त्यांच्यातली एकही हलली नाही. कोणी टाळी वाजवली नाही. नुसत्या कौसल्याबाईंकडे पाहत होत्या.

मी मुरलीभाऊंना ड्रमच्या मागे शोधलं. तिथे ते नव्हते. मागच्या पडद्याजवळही नव्हते. मग दिसले. समोर, लोकांमध्ये, पहिल्या रांगेत, लाल प्लॅस्टिकच्या खुर्चीवर. दोन्ही हात गुडघ्यांवर, मान पुढे काढलेली. इतक्या वर्षांत त्यांना मी मांडवात खुर्चीवर बसलेलं पाहिलं नव्हतं.

दुसरं गाणं सुरू झालं. आवाज ठीक आहे का, म्हणून मी त्यांना लांबून खूण केली. त्यांचं लक्षच नव्हतं. शेवटी मी टेबल सोडून वाकत वाकत त्यांच्यापाशी गेलो आणि कानाशी विचारलं, "भाऊ, बेस बरोबर आहे काय? वाढवू?"

त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही. डोळे उघडे होते, स्टेजवर लागलेले.

"समोरून असं दिसते काय रे हे?" ते म्हणाले. मग डाव्या हातानं मला कमरेपाशी हलकेच ढकललं. "बाजूले हो. बाईचा हात दिसून नाही राहिला मले."